उंडीखालचा बारावा गोटा

परवा सकाळी दार उघडलं आणि सुकटीचा वास आला. म्हणजे आगोट आली. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करून ठेवायचे हे दिवस. जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकतात, मग ताजी मासळी स्वप्नात. त्याआधी घरोघरी सुकट, जवळा, सोडे, बोंबील, मिरच्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा असं सगळं भरून घ्यायचं. आतल्या गावांतली भातशेतीवाली माणसं एसटीने उतरतात, बंदर रस्त्याने चालत खाली येतात आणि पिशव्या फाटेस्तोवर भरून परत जातात. पाहुण्यांना हा वास सोसत नाही, ते नाकाला रुमाल लावतात. मला तो नाकात नाही, पोटात जाणवतो. पायरीवर उभं राहून मी तो छाती भरून घेत होतो, तेवढ्यात औषधांच्या दुकानाकडे नजर गेली. तिथे एक मुलगी उभी होती. डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. समोरून माणूस गेला की ती कागदावर रेघ ओढत होती.

मी पायरीवरच थांबून तिच्या रेघा मोजायला लागलो.

हा स्वभाव आता बदलणार नाही. मी तीस वर्षं या गावात टपाल वाटलं. सायकलवरून, याच बंदर रस्त्याने, एसटी स्टँडपासून धक्क्यापर्यंत आणि परत. पोस्टमनला लोक राखीची पाकिटं आणणारा म्हणून ओळखतात, पण खरं सांगायचं तर राख्या वर्षातून एकदा, नोटिसा बारा महिने. खाकी लिफाफा हातात घेतला की आतलं न वाचताच मला कळायचं की या घरात आज चूल उशिरा पेटणार. त्यामुळे सरकारी कागद आणि पेन घेऊन कोणी रस्त्यावर उभं दिसलं, की पहिला प्रश्न मनात येतो, कुणाच्या मुळावर? मालती, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुम्हाला सत्यनारायणाचं आमंत्रण आलं तरी तुम्ही ते उजेडात धरून बघता. बघतो. आतून काही चिकटवलेलं असलं तर?

तीन वर्षांपूर्वीची आगोट म्हणूनच विसरता येत नाही.

तेव्हाचा बंदर रस्ता आज कुणाला सांगितला तर पटणार नाही. मधोमध गाड्या, दोन्ही कडांना उभ्या केलेल्या गाड्या, आणि उरलेल्या फटीत आम्ही सगळे. गटारावरच्या लाद्या फुटलेल्या. त्यातली कुठली डुगडुगते हे प्रत्येकाच्या पायाला पाठ होतं, पण डोक्यावर पाटी असली की पाय तरी किती लक्षात ठेवणार? शाळा सुटली की मुली सायकली घेऊन बस आणि गटार यांच्यामधून निघायच्या, तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. श्रीवर्धनची एसटी वळणावर अडकली की ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि शांतपणे चहा प्यायचा. शनिवार-रविवार तर विचारूच नका. काशीदला निघालेल्या गाड्यांची रांग लागायची आणि आत बसलेली माणसं काचेतून आमच्याकडे असं पाहायची, जणू आम्हीच वाटेत येऊन उभे राहिलोय. ज्या रस्त्यावर मी निम्मा जन्म सायकल चालवली, तो रस्ता ओलांडायला निवृत्तीनंतर मला कुणाचा तरी हात लागायला लागला. याचा मला फार राग यायचा.

रस्त्याच्या खालच्या टोकाला, धक्क्याच्या अलीकडे, जुन्या गोदामाच्या भिंतीशी उंडीचं झाड आहे. आगोटीत त्याच्या सावलीत अकरा कोळणी सुकी मासळी घेऊन बसतात. प्रत्येकीची जागा ठरलेली आणि जागेची खूण म्हणजे समुद्रातून आणलेला एक गोल गोटा. तो बारा महिने तिथेच पडून असतो. पावसात, थंडीत, बाई नसली तरी गोटा असतो, आणि तो कुणी हलवत नाही. सासूचा गोटा सुनेकडे जातो. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्याला धुऊन हळदकुंकू लावायचं आणि मगच पाटी टेकायची. आमच्या गावात जमिनीचे वाद पिढ्यानपिढ्या चालतात, पण उंडीखाली कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. सातबारा नाही, परवाना नाही, नुसता गोटा.

मथुराबाईचा गोटा बुंध्याला लागून, पहिला. ती माझ्याच वयाची. तिच्या हातचे सोडे आमच्या घरात गेली कित्येक वर्षं येतात. तिच्या सासूचा गोटा आधी तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे होता. तिठा रुंद करायचा ठरला, तेव्हा आधी माणसं फीत घेऊन आली, मग कागद घेऊन आली, आणि शेवटी नोटीस आली. ती कुणी नेऊन दिली? मीच. म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही मीच दाखवली. नोटीस तिने टोपलीतल्या बोंबलांवर ठेवली आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली. तो तांब्या मी भरलेलाच खाली ठेवला. मग तिठ्यावरून तो गोटा उंडीखाली आला.

आता कळेल, त्या वर्षी मला काय झालं ते. मे महिन्याचेच दिवस. सकाळी तीन पोरं-पोरी पिवळ्या टोप्या घालून रस्त्यावर तीन ठिकाणी उभी राहिली. एक जण फीत धरून गटाराची रुंदी घेत होता. दुसरा दुकानांच्या पत्र्यांचे फोटो काढत होता. त्यांच्यातली मोठी दिसणारी मुलगी औषधांच्या दुकानासमोर होती. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, काय मोजताय? ती हसून म्हणाली, दोन दिवस माणसं मोजायचीत काका, चालणारी, सायकलवाली, बसणारी, सगळीच. रस्ता नवीन करायचाय, सगळ्यांना सारखी जागा मिळेल असा.

सगळ्यांना सारखी जागा! इतकं गोड वाक्य मी सरकारी कामात कधी ऐकलं नव्हतं, म्हणूनच माझी खात्री पटली की यात काहीतरी आहे. मी मनात यादी केली. बंगलेवाल्यांना धक्क्यापर्यंत गाडी न्यायची असेल. कुणाच्या तरी मेहुण्याला हॉटेल काढायचं असेल. गोदामाची जागा कुणीतरी हेरली असेल. आणि बसणारी माणसं मोजायची तर कशासाठी? उठवायला. नाहीतर बसलेल्या माणसाला कोण मोजतं?

मी सायकल काढली आणि तडक उंडीखाली गेलो. मथुराबाईला म्हटलं, मोजणी आलीय, आज सापडलात की उद्या नोटीस येईल. दोन दिवस घरी बसा. आणि गोटेसुद्धा उचला, खूण ठेवू नका. तिने माझ्याकडे पाहिलं, एक शब्द न विचारता पाटी डोक्यावर घेतली आणि गोटा पदरात. बाकीच्या दहाजणी तिच्या मागे. पाच मिनिटांत उंडीखाली नुसता पाचोळा राहिला. मी तिथेच थांबलो नाही. न्हाव्याला त्याचं बाकडं आत घ्यायला लावलं. सायकलवरच्या पाववाल्याला सांगितलं, दोन दिवस मागच्या आळीतून जा. भाजीवाली, चांभार, नारळवाला, जो भेटला त्याला. तीस वर्षं दारोदार फिरल्याचा असा उपयोग झाला. नऊला मोजणी लागेपर्यंत बंदर रस्ता ओळखू येईना. गाड्या तेवढ्या जात होत्या. दोन्ही दिवस ती पोरगी उन्हात उभी राहून रिकाम्या कडांकडे बघत होती आणि मी खिडकीतून तिच्याकडे. मला हसू येत होतं. कबूल करतो, फार बरं वाटलं होतं.

पाऊस आला, गेला. दिवाळीनंतर नगरपरिषदेच्या फलकावर नकाशा लागला. खाली लिहिलं होतं, हरकती असल्यास कळवाव्यात. गावातलं कुणी फिरकलं नाही. सही केली म्हणजे संमती दिली असा इथे समज आहे, आणि तो पसरवण्यात माझाही हातभार आहे. मी मात्र गेलो, चष्मा पुसून नकाशा वाचायला उभा राहिलो. रुंद पदपथ, सायकलींची वेगळी पट्टी, बस थांबली तरी मागची वाहतूक अडू नये असा थांबा. मला आवडलंच, आवडलं म्हणून आणखी संशय आला. बोट फिरवत खालच्या टोकाला आलो. उंडीचं झाड होतं. झाडाखाली, गोदामाच्या भिंतीपर्यंत, निळ्या रंगात लिहिलं होतं, वाहनतळ.

पाहा, म्हटलं नव्हतं? मी तरातरा आत गेलो. तीच मुलगी टेबलाशी बसली होती. नाव ऋचा, पनवेलची. मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने मला बोलू दिलं. मग कपाटातून मे महिन्यातले कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले. चालणारे, थोडेसे. सायकली, त्याहून थोड्या. गाड्यांच्या रेघांनी मात्र पानं काळी झालेली. शेवटचा रकाना होता, रस्त्यावर बसणारे. तो वरपासून खालपर्यंत कोरा.

"काका, मी दोन दिवस बघत होते," ती म्हणाली. "मला खूप वाटत होतं की कुणीतरी येऊन बसेल. मला दाखवायला काहीच मिळालं नाही."

मी त्या कोऱ्या रकान्याकडे पाहत राहिलो. तो मी कोरा ठेवला होता. कुणाचा मेहुणा नव्हता, कुणी बंगलेवाला नव्हता. एका पोस्टमनने उंडीखालची जागा पुसून टाकली होती, आणि तीही अक्कल चालवून. मला तिथे बसवेना. शरम वाटली, साधी, सरळ शरम. शाळेत चोरी उघडी पडल्यावर वाटते तशी.

ऋचा म्हणाली की हरकत लिहून द्या, कारण लिहा, मोजणी पुन्हा करता येते. घरी येऊन मी कागद घेतला. पहिल्या वेळी लिहिलं की मोजणीच्या वेळा चुकल्या. ते खोटंही नव्हतं. त्यांनी सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात अशी मोजणी केली होती, शहरात करतात तशी. आमच्या रस्त्यावर गर्दी घड्याळाने होत नाही. ओहोटीला धक्क्याशी गाळ असतो, लाँच लागत नाही. भरती आली की लाँच येते, लाँच आली की माणसं येतात, आणि भरतीची वेळ रोज पुढे सरकते. हे लिहून मी थांबलो. पुष्कळ हुशार दिसत होतं ते. मालतीने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, हे ठीक आहे, पण तुम्ही यात कुठे आहात? मग तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, मोजणीच्या दिवशी सदर महिला जागेवर नव्हत्या, कारण मी त्यांना उठवले. खाली सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या, स्वतःची करण्याआधी कागद उजेडात धरून बघितला. नगरपरिषद आमच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. तरीही पत्र मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचेसकट. ती पोच अजून माझ्या पाकिटात आहे. उद्या म्हणाले की मिळालंच नाही, तर?

पुढच्या आगोटीत दुसरी मोजणी ठरली. आता खरं संकट उभं राहिलं, कारण ज्यांना मी पळायला शिकवलं होतं त्यांना बसायला सांगायचं होतं. गोटे उंडीखाली परत आले होते, पण पिवळी टोपी दिसली की अकराही जणींचे हात पाट्यांकडे जात. मी मथुराबाईच्या घरी गेलो. ती अंगणात जवळा पसरत होती. मी सगळं सांगितलं, वाहनतळासकट, कोऱ्या रकान्यासकट. तिने हात थांबवला नाही. जवळ्यातली बारीक खेकडी वेचून बाजूला टाकत राहिली.

मग म्हणाली, "त्या दिवशी तुमीच उठा बोल्लाव. आज बसा बोल्ताव. यातला खरा कंचा?"

खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक होतं? ऋचा चांगली मुलगी होती, पण चांगल्या माणसांच्या हातूनही वाईट नोटिसा निघतात, त्या मी वाटल्या होत्या. बसा म्हणावं आणि उद्या या अकरा नावांचीच यादी घेऊन कुणी आलं तर? मथुराबाईची सून आता तिच्या शेजारी बसायला लागली होती. पहिला गोटा तिला मिळायचा होता. तिठ्यावरून उंडीखाली येता आलं, पण उंडीखालून पुढे जायला समुद्रच आहे. मी म्हटलं, मथुराबाय, मला ठाऊक नाही. मला अजून भीती वाटते.

तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "मंग तुमी बी बसा माझ्या बाजूला," ती म्हणाली. "उठवतील तं दोघांना उठवतील."

म्हणून त्या दिवशी मी उंडीखाली बसलो. पांढरा सदरा, चष्मा, आणि मांडीशी बोंबलांची पाटी. भरती अकराला लागली. ऋचा तिच्या माणसांना घेऊन तासभर आधीच आली होती, यावेळी तिने भरतीचं कोष्टक आणलं होतं. लाँच लागली आणि रस्ता भरून आला. पिशव्या, पाट्या, खांद्यावर पोरं, सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या कांद्याच्या माळा. आतल्या गावची एक बाई माझ्यापुढे वाकून सुकट चाळायला लागली आणि वाळूच फार आहे म्हणून मला रागावली. मी दिलगिरी व्यक्त केली. मथुराबाई पदराआड हसत होती. ऋचा समोर उभी राहून रेघा ओढत होती, बसणाऱ्यांची जागेगणिक एक, आणि माझी नजर तिच्या पेनावर होती. पेन हललं की छातीत धस्स व्हायचं, थांबलं की त्याहून जास्त. दिवसभर एवढ्या भीतीने मी कधी एका जागी बसलो नव्हतो. अंगाला महिनाभर सुकटीचा वास येत होता, असं मालती म्हणते. ती वाढवून सांगते.

नोटीस आली नाही. नकाशा बदलला. वाहनतळ एसटी स्टँडमागे गेला आणि उंडीखाली लहान लहान चौकोन आले. मी मोजले. बारा होते. पुन्हा मोजले. ऋचाने मलाही कोळीण धरलं होतं! चुकून की मुद्दाम, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर चूक दुरुस्त होऊन एक चौकोन कमी झाला असता, असा माझा हिशेब.

रस्ता व्हायला पाऊसकाळ धरून वर्ष गेलं. आता पदपथावरून दोन पाट्या समोरासमोर आल्या तरी कुणाला खाली उतरावं लागत नाही. मुली सायकलच्या पट्टीवरून गप्पा मारत जातात. एसटी थांबते, माणसं घेते आणि निघते, ड्रायव्हरचा चहा तेवढा बुडाला. मी एकटा रस्ता ओलांडतो. हे सगळं चांगलं आहे, हे म्हणायला माझी जीभ अडखळते, पण आहे. तरी रोज सकाळी फिरायला जातो तो उंडीपर्यंत जातोच. चौकोन जागेवर आहेत का, कुणी रंगाची नवी खूण केलीय का, भिंतीवर काही चिकटवलंय का, बघून येतो. मालती याला व्यायाम म्हणते.

पहिल्या हंगामात अकरा चौकोनांत अकरा गोटे आले. बारावा रिकामा. शनिवारी कुणीतरी तिथे मोटारसायकल लावली, पुढच्या शनिवारी एका गाडीचं नाक आत आलं. तिसऱ्या शनिवारच्या आधी मी गेलो तर बाराव्या चौकोनात एक गोटा होता. करडा, जरासा चपटा, हळदकुंकू लावलेला. मी मथुराबाईला विचारलं की कोण आली नवीन? ती सोडे मोजत होती, म्हणाली की रिकामी जागा दिसली का गाडी घुसते. आणि मग सहज, मान न वळवता, "तुमचाच हाय तो."

माझ्या नावावर एक घर आहे, त्याची कागदपत्रं मी तीन पिशव्यांत घालून ठेवलीत. या गोट्याचा काहीच कागद नाही, आणि तरी त्याच्यापाशी उभं राहिलं की डोळे भरून येतात. आता येत असतील वयाने.

तर परवा ती टोपीवाली पोरगी. ऋचा नव्हे, दुसरीच. मी जवळ जाऊन विचारलं. म्हणाली, नवीन रस्ता कसा वापरला जातो त्याची पाहणी आहे. चालत्या रस्त्याची पाहणी कशाला? वर्षभराने कुणाला आठवण झाली? निवडून आलेल्यांपैकी कुणाला गाड्यांची जागा कमी पडली असेल काय? यादी आपोआप सुरू झाली. पाय सायकलकडे वळले. मागच्या आळीतून गेलं तर पाच मिनिटांत उंडीखाली पोचता येतं, तिच्या आधी.

पोचलोसुद्धा. तोपर्यंत टोपीवाल्यांतला एक जण धक्क्याशी येऊन उभा होताच. अकराही जणींनी त्याला पाहिलं होतं. मथुराबाईच्या सुनेचा हात पाटीच्या काठावर होता. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात शब्द तयार होता, उठा. तो तयारच असतो.

मी सायकल भिंतीला टेकवली, धोतरासारखा लेंगा गुडघ्यापर्यंत आवरला आणि बाराव्या गोट्याशी जाऊन बसलो. सुनेने पाटीवरचा हात काढला. समोरच्या पोराने आमच्याकडे पाहून कागदावर रेघा ओढल्या, जागेगणिक एक. मी मान उंच करून मोजल्या. बारा भरल्यावरच पाठ भिंतीला टेकवली.